किल्ली कुलपात आणि लघवीची घाई : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत मूत्राशय, झोप, तंबाखू आणि डोकेदुखीचे प्रश्न जास्त आहेत. ही दुखणी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात, पण त्यांतल्या बऱ्याच दुखण्यांमागे मेंदूची एकच खोड आहे : शरीराची कामं तो ठरावीक वेळेला, जागेला आणि खुणेला बांधून टाकतो. त्यामुळे 'मन घट्ट करा' हा सल्ला इथे फारसा सापडणार नाही. कुठली खूण बदलायची, हे मात्र जमेल तितकं नेमकं सांगितलं आहे.

प्रश्न : माझं वय ५२. बाजारात, लग्नाकार्यात तीन-तीन तास लघवी लागत नाही. पण घराच्या दाराशी येऊन पर्समधून किल्ली काढली की अशी घाई होते, की चप्पल काढायलाही दम निघत नाही. कधी दोन थेंब गळतातही. लघवीत जंतुसंसर्ग नाही, रक्तातली साखर ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. खरंच वयामुळेच का? — एक वाचिका, कराड

उत्तर : वयाचा वाटा असेल, पण सगळं वयावर ढकललं तर बाजारातल्या तीन तासांचा उलगडा होत नाही.

मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. निरोगी मूत्राशय चारशे-पाचशे मिलिलिटरपर्यंत तग धरतं. भरत चालल्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूच्या बुंध्यातल्या एका केंद्राकडे जाते. 'सोड' हा हुकूम तिथून निघतो, पण कपाळामागचा मेंदूचा भाग तो अडवून धरतो : आत्ता नाही, इथे नाही. वर्षानुवर्षं घरात शिरल्याबरोबर थेट संडास गाठण्याची सवय असेल, तर किल्ली, कुलूप आणि दाराची करकर म्हणजेच परवानगी, अशी सांगड मेंदू घालून ठेवतो. मग किल्ली हातात येताच अडवणारा लगाम सैल पडतो आणि मूत्राशय पुरतं भरलेलं नसतानाही आकसू लागतं. नळाच्या धारेचा आवाज ऐकूनही अनेकींना हेच होतं.

ही सांगड सोडवता येते. आधी तीन दिवस नोंद ठेवा. जुना मापाचा मग संडासात ठेवून प्रत्येक वेळी किती मिलिलिटर झाली, किती वाजता झाली, आधी चहा घेतला होता का, थेंब गळले का, एवढं लिहा. दर वेळी शंभरच्या आसपासच भरत असेल, तर मूत्राशय लहान झालं असेलच असं नाही. बहुधा त्याला लवकर रिकामं व्हायची सवय लागली आहे.

आता दाराशी काय करायचं? पळायचं नाही. पळालं की ओटीपोटावर दाब येतो आणि मेंदूलाही 'घाई आहे' हाच धडा पुन्हा मिळतो. जागच्या जागी उभ्या राहा. चारचौघांत वायू सरू नये म्हणून जो स्नायू आपण आत ओढतो, तो दोन सेकंद आवळा आणि सोडा, असं पाच-सहा वेळा करा. पोट आवळू नका, श्वास रोखू नका. हा स्नायू आवळला की मूत्राशयाच्या भिंतीला सैल पडण्याचा उलट निरोप जातो. घाईची लाट बहुधा एक-दोन मिनिटांत ओसरते. ती ओसरली की चालत आत जा, पण संडासात नाही. पर्स ठेवा, पंखा लावा, पाच मिनिटं बसा. हातपाय धुणं नंतर, कारण नळाचा आवाज ही दुसरी खूण. पुढच्या आठवड्यात पाचाची दहा मिनिटं करा, मग पंधरा.

दिवसभरातलं अंतरही असंच वाढवायचं. नोंदीत सव्वा तासाचं अंतर दिसत असेल, तर तिथून सुरुवात करून दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवा, तीन तासांपर्यंत. याला सहा ते बारा आठवडे लागतात. आणि 'निघण्याआधी एकदा जाऊन येते' ही सवय सोडा. लघवी लागलेली नसताना गेल्याने मेंदूला कमी साठ्यावरच इशारा द्यायचं वळण लागतं.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे पाणी तोडणं. त्याने लघवी दाट होते, मूत्राशयाची जळजळ वाढते, शिवाय बद्धकोष्ठ होतं. कडक झालेला मळही मूत्राशयाला आतून ढोसतो. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवा, उन्हाळ्यात जास्त. कमी करायचा तो संध्याकाळी सहानंतरचा चहा. दुसरी चूक म्हणजे लघवी करता करता मध्येच थांबवून व्यायाम करणं. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारा. पाळी गेल्यानंतर योनीमार्गाला कोरडेपणा आला असेल तर त्यावर स्थानिक मलम असतं, तेही विचारायला लाजू नका. खोकताना-शिंकताना गळत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. लघवीत रक्त, पायांत नव्याने आलेली अशक्तता किंवा बसायच्या जागेला बधिरपणा असेल, तर मात्र यातलं काहीही करत बसू नका, लगेच दाखवा.

प्रश्न : आंबा घाटात मागच्या सीटवर बसलो की हमखास गाडी लागते. स्वतः चालवली तर काहीच होत नाही. हे मनाचे खेळ आहेत का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या 'वळतोय' म्हणून सांगतात आणि मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे 'स्थिर आहे' म्हणतात. मेंदूला हा मेळ बसवता आला नाही की मळमळ सुरू होते. चालवणाऱ्याचे हातच गाडी वळवत असल्याने वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला अंदाज असतो. तेव्हा पुढे बसा, डोकं सीटला टेकवून ठेवा, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवा. उपाशीपोटी निघू नका, तुडुंब जेवूनही नको. दोन तास आधी हलकं खा. मळमळ रोखणारी मेक्लिझिनची २५ मि.ग्रॅ.ची गोळी घ्यायची तर घाट लागण्याच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने पेंग येते, म्हणून घेणाऱ्याने गाडी चालवायची नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न : रात्री ११ ला आडवा होतो. साडेबारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. तीनला जाग येते, मग पाचपर्यंत घड्याळ बघत कूस बदलत राहतो. भरपाई म्हणून आठपर्यंत अंथरुणात असतो. रविवारी दुपारी दोन तास ताणून देतो. तरी दिवसभर अंग मोडून आलेलं. वय ४१. झोपेची गोळी सुरू करू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तुमचाच हिशेब मांडू. अंथरुणात ११ ते ८, म्हणजे नऊ तास. प्रत्यक्ष झोप साडेबारा ते तीन आणि पाच ते आठ, म्हणजे साडेपाच तास. अंथरुणातल्या वेळेपैकी ६१ टक्केच झोप. उरलेले साडेतीन तास मेंदू रोज शिकतो आहे, की गादी ही जागं राहून काळजी करायची जागा आहे. भरपाईसाठी केलेली प्रत्येक गोष्ट हा धडा पक्का करते.

झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे जागेपणी मेंदूत साठत जाणारं एक रसायन, अ‍ॅडिनोसिन; जितका वेळ जागे, तितका झोपेचा रेटा जास्त. रविवारची दोन तासांची झोप नेमका हाच रेटा खाऊन टाकते. दुसरं म्हणजे डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वरचं, सुमारे २० हजार पेशींचं मेंदूतलं घड्याळ. त्याचा दिवस बहुतेकांत २४ तासांहून किंचित लांब असतो आणि सकाळचा उजेड ते रोज जुळवून घेतो. आठपर्यंत पडदे ओढून पडलात की ते मागे पडत जातं. तीनच्या सुमाराला रेटा बराचसा संपलेला असतो आणि झोप हलकी असते. अशी जाग थोडी-थोडी सगळ्यांनाच येते. बाकीचे कूस बदलून झोपतात, तुम्ही घड्याळ बघता.

उपाय उलटा वाटेल, पण दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीच्या आधी हाच सांगितला जातो : अंथरुणातला वेळ कमी करा. तुमच्यासाठी रात्री साडेबारा ते सकाळी साडेसहा, असे सहा तास. त्याआधी आडवं व्हायचं नाही, सोफ्यावरही नाही. साडेसहाचा गजर रविवारीही तोच. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत गच्चीत किंवा रस्त्यावर २०-३० मिनिटं उजेडात राहा. खिडकीआडचा उजेड त्या मानाने फारच क्षीण असतो. दुपारची झोप बंद. शेवटचा चहा किंवा कॉफी दुपारी दोनपर्यंत, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात.

रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटं गेलीशी वाटली, तर उठून दुसऱ्या खोलीत खुर्चीत बसा. मंद दिवा, कंटाळवाणं वाचन; मोबाइल नको. पेंगायला लागलात की परत या. वीस मिनिटं अंदाजाने धरायची. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, नाहीतर हिशेब करता करताच मेंदू लख्ख जागा होतो.

रोज सकाळी अंदाजे वेळा लिहा. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे सहापैकी पाच तासांहून थोडी जास्त झोप लागू लागली, की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे घ्या. ८० ते ८५ असेल तर तीच ठेवा. ८० च्या खाली गेली तर १५ मिनिटं पुढे ढकला, मात्र अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीच नेऊ नका.

पहिले आठ-दहा दिवस जड जातात. दुपारी डोळे मिटतील, चिडचिड होईल. बहुतेक जण इथेच सोडून देतात आणि 'माझ्यावर चाललं नाही' म्हणतात. या काळात लांबचं ड्रायव्हिंग नको. फेफरं किंवा बायपोलर आजार असेल, तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. जोरात घोरता, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर आधी त्याची तपासणी करा. आणि मेडिकलवाल्याने आपणहून दिलेली झोपेची गोळी आधीच काही आठवडे चालू असेल, तर ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवावी लागते.

प्रश्न : आमच्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. पन्नास वर्षं मशेरी लावतात. सोडा म्हटलं की म्हणतात, "मशेरीशिवाय परसाकडं होत न्हाई." यात तथ्य आहे का? सोडवायची कशी? — एक वाचिका, सांगोला

उत्तर : तथ्य आहे, म्हणून त्यांना खोटं पाडू नका. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं. ते आतड्यांची हालचाल वाढवतं आणि मेंदूत डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायनही सोडतं. त्यात पन्नास वर्षं रोज सकाळी मशेरी आणि पाठोपाठ शौच, हाच क्रम. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने रात्रभरात तळ गाठतं, म्हणून सकाळची पहिली तलफ सगळ्यांत जोरकस.

दोन कामं वेगवेगळी करायची : शौचाची सोय आणि तलफेची सोय. मशेरी तोडून शौचाचं काही पाहिलं नाही, तर चौथ्या दिवशी पोट फुगतं आणि डबी परत उघडते.

शौचासाठी डबी सुटायच्या आठवडाभर आधीपासून तयारी करा. पोटात काही पडलं की मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं आणि सकाळी हे जास्त जोरात होतं. म्हणून उठल्यावर एक-दोन पेले कोमट पाणी, मग भाकरी किंवा पोहे असं काही पोटात जाऊ द्या. वीस-तीस मिनिटांनी लागो न लागो, त्याच वेळी पाच-दहा मिनिटं बसायचं. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल ठेवा. रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यायचं. कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं.

तलफेसाठी आधी मोजा : दिवसात किती वेळा, आणि उठल्यावर किती मिनिटांत पहिली. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल, तर मेंदूची निकोटिनची सवय घट्ट आहे आणि मनाच्या जोरावर एकदम तोडणं बहुतेकांना झेपत नाही. निकोटिनचा च्युइंगगम मिळतो, २ आणि ४ मि.ग्रॅ.चा. अशांना ४ चा लागतो, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. हृदयविकार असेल तर तो आधी सांगा.

गम साध्या गमसारखा चघळत बसायचा नाही. सावकाश दहा-पंधरा वेळा चावा, तिखटसर चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून धरा. मिनिटभराने चुणचुण गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. भराभर चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचक्या आणि छातीत जळजळ होते, तलफ तशीच राहते. आधी पंधरा मिनिटं चहा, ताक, लिंबूपाणी नको, कारण आंबटपणाने निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. कवळी असेल तर गम चिकटतो. मग निकोटिनची चोखायची गोळी किंवा कातडीवर लावायची पट्टी.

चिडचिड, भूक आणि उचाट मन पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतं, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. या दिवसांत घरात तव्यावर तंबाखू भाजायचा नाही, जाऊबाईंसाठीसुद्धा नाही. त्या वासाने महिनाभर सोडलेली व्यक्तीही परत वळते, कारण वास ही त्यांच्या मेंदूतली सगळ्यांत जुनी खूण आहे. डबी ज्या फळीवर असायची, तिथे मऊ ब्रश आणि टूथपेस्ट ठेवा. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६.

आणि एकदा दंतवैद्याला तोंड दाखवाच. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात उभी तीन बोटं मावेनाशी झाली असतील, तर थांबू नका.

प्रश्न : सवय लागायला २१ दिवस लागतात म्हणून रोज चालायला गेलो. बाविसाव्या दिवशी पाऊस आला, तिथून बंद पडलं ते पडलंच. — एक वाचक, ठाणे

उत्तर : २१ हा आकडा सवयींचा नाहीच. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या रूपाची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात, असं एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं आणि पुढे तो आकडा सगळ्याला चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. तुमचं बिघडलं ते पावसासाठी काही ठरवलेलं नव्हतं म्हणून. 'सकाळी चालेन' एवढं मेंदूला पुरत नाही. 'दुधाची पिशवी घरात ठेवली की बूट घालेन. पाऊस असेल तर जिना दहा मिनिटं चढेन-उतरेन' इतकं ठोस हवं.

प्रश्न : वय २९, हिंजवडीत नोकरी. डोकं ठणकलं की एक गोळी घेतो (पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र असलेली). आधी महिन्यातून तीन-चारदा लागायची, आता सहा महिने आठवड्यातून चार-पाच दिवस. मशिनची कॉफी सहा कप होते. एमआरआय नॉर्मल. रविवारी तर उठल्या उठल्या डोकं धरलेलं असतं. — एक वाचक, पुणे

उत्तर : आता गोळीच डोकं दुखवते आहे, ही शक्यता सगळ्यांत मोठी. मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा अधिक दिवस, साध्या पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेनसारख्या १५ किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की मेंदूतले वेदनेचे मार्ग हळवे होतात आणि गोळीचा अंमल उतरला की दुखणं परत येतं. हे बहुधा मुळात मायग्रेन असणाऱ्यांतच होतं. डोकेदुखी नसलेल्या माणसाने गुडघ्यासाठी रोज तीच गोळी घेतली, तरी त्याला सहसा असं होत नाही.

रविवारचं कोडं कॉफीचं आहे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत कॅफिन तुटल्याची डोकेदुखी सुरू होते. रविवारी उशिरा उठता, पहिला कप लांबतो. निर्जळी उपासाला दुपारी डोकं धरतं, त्यातही याचा हात असतो.

दोन्ही एकाच दिवशी सोडू नका. आधी कॉफी : दर तीन दिवसांनी एक कप कमी, दोन कपांवर थांबा, रविवारीही पहिला कप त्याच वेळेला. मग गोळी. तुमच्यासारखी गोळी एकदम बंद करता येते, पण दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळ होते. हे माहीत नसल्याने लोक तिसऱ्या दिवशी पुन्हा पाकीट फोडतात. ऑफिसात कामाची घाई असेल त्या आठवड्यात हे काढू नका, रजा बघून करा. आधी न्यूरॉलॉजिस्टना भेटलात तर मायग्रेन रोखणारं रोजचं औषध सोबतच सुरू होईल आणि हा काळ सुसह्य जाईल. पुढे वेदनाशामक आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा म्हणजे आकडा समोर राहील. ज्यांच्या गोळीत ट्रामाडॉल किंवा कोडीन (अफूच्या वर्गातली वेदनाशामकं) आहे, त्यांनी मात्र ती स्वतःहून एकदम तोडू नये.

आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, तापासोबत ताठर मान, बोबडी वळणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काहीही झालं तर कॅलेंडर, कॉफी सगळं बाजूला ठेवून त्याच घडीला रुग्णालय गाठा.